लंडनहून मागवलेला होलोग्राम: पाटी उत्तम, माहिती अपुरी

लंडनमधील एका छोट्या विक्रेत्याकडून दीड वर्षापूर्वी मी एक जुना होलोग्राम, म्हणजे लेसरच्या प्रकाशाने पाटीवर नोंदवलेली वस्तूची त्रिमितीय प्रतिमा, विकत घेतला. 20 बाय 25 सेंटिमीटरची काचेची पाटी, मागील बाजूस काळा रंग आणि आत नक्षीकाम केलेला धातूचा पेला, एवढेच वर्णन विक्रेत्याने दिले होते. करणाऱ्याचे नाव पाटीवर नाही. पद्धत मात्र ओळखता येते, कारण ती लेनिनग्राडचे शास्त्रज्ञ युरी डेनिस्यूक यांनी 1962 साली मांडलेली आहे. याच पद्धतीने सोव्हिएत संघात संग्रहालयांतील मौल्यवान वस्तूंचे होलोग्राम तयार केले जात, म्हणजे मूळ वस्तू जागेवरून न हलवता तिचे रूप दुसऱ्या शहरातल्या लोकांना पाहता येई.

होलोग्रामचे छायाचित्र म्हणजे त्याच्या असंख्य कोनांपैकी केवळ एक कोन, त्यामुळे छायाचित्रावरून खरेदी करणे धोक्याचे असते. मी विनंती केल्यावर विक्रेत्याने कॅमेरा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली सावकाश फिरवून एक चित्रफीत पाठवली. त्यामुळे पेल्याची खोली, काठावरची चमक आणि कोपऱ्यातील एक बारीक ओरखडा हे सारे पैसे भरण्यापूर्वीच मला पाहता आले. पाटी लाकडी खोक्यात, दोन्ही बाजूंना जाड फोम लावून आली आणि काचेला तडा गेलेला नव्हता. या दोन गोष्टींसाठी विक्रेत्याचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

तक्रार आहे ती प्रकाशाच्या माहितीबद्दल. सोबतच्या कागदावर 'चांगला प्रकाश द्यावा' एवढेच लिहिले होते. त्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पाटी धरली, तेव्हा काचेत फक्त हिरवट धुके दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीतल्या उन्हात तिरपी धरली आणि पेला काचेच्या मागे, हात घालून उचलावा असा उभा राहिला. डोके बाजूला नेले की पेल्याच्या मुठीआडची नक्षी दिसे, वरून पाहिले की पेल्याच्या आतली कड दिसे, आणि काठावरची चमक नजरेबरोबर सरकत जाई. तो क्षण मी विसरू शकत नाही.

असे का होते, हे घेणाऱ्याला आधीच कळले पाहिजे. या पद्धतीत लेसरचा प्रकाश पाटीतून आरपार जाऊन वस्तूवर पडतो आणि वस्तूवरून परतणारा प्रकाश त्याला समोरून भेटतो. त्यांच्या व्यतिकरणातून, म्हणजे दोन्ही प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्यातून, काचेवरील जिलेटिनच्या काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या थरात एकावर एक अशी अतिसूक्ष्म पटले कोरली जातात. पाहताना हीच पटले पांढऱ्या प्रकाशातून स्वतःमधील अंतराशी जुळणारा एकच रंग निवडून परत पाठवतात, मात्र तो प्रकाश एका बिंदूतून आणि मूळ लेसरच्याच दिशेने यावा लागतो. ट्यूबलाइटसारख्या लांब दिव्याचा प्रत्येक भाग आपली वेगळी प्रतिमा उभी करतो आणि त्या सर्व एकमेकींत मिसळून जातात. थोडक्यात, दिवा हा कलाकृतीचाच भाग आहे. त्याचा कोन आणि अंतर न सांगता होलोग्राम विकणे म्हणजे ग्राहकाला अर्धी वस्तू देण्यासारखे आहे, असे मी विक्रेत्याला कळवलेही.

शेवटी तो कोन मलाच शोधावा लागला. अनेक छोट्या दिव्यांचा पुंजका असलेल्या एलईडी बल्बने पेल्याला चार-पाच कडा आल्या. अरुंद झोताचा 12 व्होल्ट, 50 वॅटचा हॅलोजन समाधानकारक ठरला, पण तो तापतो. आता छताला एकाच चिपचा एलईडी स्पॉटलाइट असून त्याचा झोत वरून साधारण 45 अंशांनी पाटीवर पडतो. त्या खोलीतले बाकीचे दिवे मालवले की पेला सर्वांत स्वच्छ दिसतो.

पावसाळ्याबद्दलही कोणी सावध केले नव्हते. जिलेटिन दमट हवेत फुगते, पटलांमधील अंतर वाढते आणि प्रतिमेचा रंग तांबूस बाजूला झुकतो. माझा हिरवट सोनेरी पेला जुलैत तांब्यासारखा दिसू लागला होता. पाटी चौकटीत बसवून कडा बंद करून घेतल्या आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत मूळ रंग परतला. उन्हात पाटी पाहावी, पण तिथे टांगून ठेवू नये, कारण अशा सिल्व्हर हॅलाइड (प्रकाशाला संवेदनशील चांदीचे क्षार) असलेल्या पाट्या तीव्र प्रकाशात काळवंडू शकतात.

सध्या फिरत्या एलईडी पंख्यांना आणि काचेवर पाडलेल्या प्रतिबिंबांनाही सर्रास होलोग्राम म्हटले जाते. संग्रह करू इच्छिणाऱ्याने तो गोंधळ प्रथम दूर करावा. बँकेच्या कार्डावरील चकचकीत चित्र मात्र खरा होलोग्राम असते, आणि त्याचे मूळ अमेरिकी संशोधक स्टीफन बेंटन यांच्या 1968 च्या इंद्रधनुषी होलोग्राममध्ये आहे. पण त्या प्रकारात वर-खाली पाहिल्यास केवळ रंग बदलतो, वस्तूची वरची-खालची बाजू दिसत नाही. माझ्या पाटीत दोन्ही दिशांची खोली आहे, आणि किमतीचे खरे कारण मला तेच वाटते. न्यूयॉर्कमध्ये 1976 साली सुरू झालेले होलोग्राफीचे संग्रहालय 1992 मध्ये बंद पडले आणि त्याचा संग्रह पुढील वर्षी अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे गेला. त्यामुळे अशी कला जपण्याची बरीचशी जबाबदारी खासगी संग्राहकांवर आणि विक्रेत्यांवर येते, आणि म्हणूनच नोंदींची हयगय मला अधिक खटकते.

या विक्रेत्याकडून मी पुन्हा खरेदी करेन. दुसऱ्या पाटीसाठी मागील आठवड्यात पत्र लिहिले, त्यात दिव्याचा कोन, त्याचे अंतर आणि पाटी कोणत्या लेसरने केली ही तीन उत्तरे आधी मागितली आहेत. कोन आणि अंतर कळवणारे उत्तर काल आले. लेसरची चौकशी ते करत आहेत.