सांगलीत बसून तुर्कीच्या बातम्या: बियानेत कसं आहे?

बेदाण्यामुळे तासगाव-सांगलीला मनिसा, इझमीर ही तुर्कीतल्या बेदाणा-पट्ट्याची नावं नवी नाहीत. तिथलं राजकारण समजून घ्यायचं तर ‘बियानेत’ या तिथल्या स्वतंत्र बातम्यांच्या साइटची इंग्रजी आवृत्ती उघडा. कुर्दी भागातले महापौर हटवून सरकारी प्रशासक बसवतात, तो घोळ इथे नीट कळतो. त्याच भागातल्या वान शहराचंच बघा: ३१ मार्च २०२४ ला अब्दुल्ला झेयदान महापौर म्हणून निवडून आले, २ एप्रिलला विजयाचं प्रमाणपत्र मात्र हरलेल्या सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला, लोक रस्त्यावर, ३ एप्रिलला निर्णय फिरला! (असली उलथापालथ आपल्याला काही परकी नाही म्हणा.) ‘अनादोलू’ सरकारी वृत्तसंस्था, सरकारची बाजू तिथून घ्या, तेवढंच. तुर्कीचं घड्याळ अडीच तास मागे. मतदान तिथे बहुतेक ठिकाणी ५ ला संपतं, म्हणजे आपल्याकडे साडेसात (स्थानिक निवडणुकीत वानसारख्या पूर्वेकडच्या प्रांतांत ४ लाच). मोजणी लगेच, त्याच रात्री.