लाकडी माडीवर टाइल्स: माझे ९४,९०० रुपये असे गेले

हे लिहायला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. बावीस वर्षं सातवीला गणित शिकवते मी, आणि मला फसवलं ते क्षेत्रफळ आणि घनफळाच्या हिशोबात.

आमचं घर कृष्णाकाठच्या एका गावात, जुनं, माडीचं. माडीची जमीन म्हणजे कडीपाट: सागाच्या कड्या, त्यावर फळ्या. फटींतून वरची धूळ खालच्या स्वयंपाकघरात पडते आणि सासूबाईंच्या वॉकरचा पाय नेमका फटीत अडकतो. दोनदा पडता पडता वाचल्या. म्हणून टाइल्स. हौस म्हणून नाही, हे आधीच सांगते, कारण "जुन्या घराला टाइल्स कशाला हव्या होत्या" हे ऐकून कान किटले आहेत.

आणि मी अडाण्यासारखी गेले नव्हते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट आणि टाइल तसं करत नाहीत. लाकडावर थेट माल टाकून टाइल बसवली तर ती एक तर सुटते, नाही तर तडकते. एवढं मला ठाऊक होतं. टाइल बसवायला ठरवलेल्या कंत्राटदारालाही ठाऊक होतं, हेच तर वाईट! त्यानेच कागदावर आकृती काढून दाखवली: आधी फळ्या कड्यांना स्क्रूने आवळायच्या, वर १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर सिमेंट फायबर बोर्ड, मग लवचीक ॲडेसिव्ह आणि टाइल, भिंतीच्या कडेने बोटभर फट. ज्याला खरी पद्धत इतकी पाठ आहे तो चोरी करेल असं कोणाच्या मनात येईल?

खोली १२ बाय १४, म्हणजे १६८ चौरस फूट. प्लायची ६ शीट्स, २१,६०० रुपये. बोर्डची ६, ८,७००. ॲडेसिव्हची २० किलोची १२ पोती, ११,४००. टाइल तुटीसकट १८५ फूट, ११,४७०. मजुरी १४,२८०. एकूण ६७,४५०, "ताई, सदुसष्ट द्या." ३५,००० आधी, यूपीआयने, त्याच्या भाच्याच्या नंबरवर. २०,००० रोख. उरलेले १२,००० काम झाल्यावर. बिल नाही, कारण "बिल घेतलं तर जीएसटी वाढेल." हो, ते मी ऐकलं. बोला काय बोलायचं ते.

आता तो दिवस. मार्च महिना, सकाळचे साडेसात, मी शाळेला निघालेली. अंगणात टेम्पोने अर्धा ब्रास कच, म्हणजे वाळूऐवजी वापरतात ती दगडाची चुरी, ओतली होती. प्लाय, बोर्ड आणि तयार ॲडेसिव्हच्या कामात कच लागतेच कुठे? विचारलं. "बेसला लागते थोडी." थोडी म्हणजे पन्नास घनफूट? १६८ चौरस फुटांवर दोन इंच थर द्यायचा तर माल लागतो २८ घनफूट. हे गणित मी मुलांना फळ्यावर करायला लावते. त्या सकाळी मात्र पहिला तास चुकेल म्हणून चालू लागले.

त्याहून वाईट पुढे आहे. पडवीत बारा पोती रचली होती, नामांकित कंपनीचं नाव, सगळं छापील. एकाचं तोंड सैल होतं, त्याला सुतळी बांधलेली. कारखान्यातून आलेल्या ॲडेसिव्हच्या पोत्याला सुतळी नसते हो! ते पॅकबंद येतं. आणि मी काय केलं? आतला माल सांडू नये म्हणून ती सुतळी सोडून स्वतःच्या हाताने घट्ट गाठ मारली. राखाडी पूड बोटांना लागली, ती पदराला पुसली. साधं सिमेंट होतं ते.

त्याच आठवड्यात सांगलीला भाचीचं लग्न. तीन दिवस आम्ही नव्हतो, सासूबाईही बरोबर. रोज फोटो यायचे: प्लाय, त्यावर बोर्ड, स्क्रू ओळीत. परत आलो तर टाइल्स बसलेल्या, दरजा भरलेल्या. दोन बोटं वर राहील म्हटलेला उंबरठा जमिनीत गडप झाला होता. ह्यांनी विचारलं तर म्हणाला, "साहेब, फळ्याच वाकड्या होत्या, लेव्हल काढावी लागली." नंतर फोटो मोठे करून पाहिले. त्यात डावीकडे खिडकी आहे. आमच्या त्या भिंतीला तीन कोनाडे आहेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री "खट्" असा आवाज. सकाळी कडीच्या रेषेत सरळ तडा. मग रोज एक. नाणं आपटलं की पोकळ वाजायचं. जुलैत खाली आमटीत कच पडायला लागली आणि मधल्या दोन कड्यांना डोळ्यांना दिसेल इतका झोल आला. सुताराने टाइल उचकटली: खाली दोन इंच सिमेंट-कच, त्याखाली प्लास्टिकचा कागद, त्याखाली आमच्या फळ्या. प्लाय नाही, बोर्ड नाही, एक स्क्रू नाही. टाइलसकट पावणेदोन टनांच्या वर वजन, आणि त्याखाली माझ्या सासूबाई जेवत होत्या. काढायला ९,५०० गेले, दोन कड्या बदलायला १८,४००.

त्याला फोन केला तर "लाकूडच जुनं तुमचं." मग "साइटवर आहे, उद्या येतो." मग ब्लॉक.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा अर्ज पुन्हा लिहा, "भावना नको, मुद्दे लिहा." तिसऱ्यांदा म्हणे ही दिवाणी बाब. मी म्हटलं, दुसऱ्याच्या घराचे फोटो पाठवून पैसे घेतले, ही चारशेवीस नाही का? तर हवालदार हसला. "मॅडम, चारशेवीस गेलं, आता ३१८ आहे." कलमाचा नवा नंबर तेवढा घेऊन घरी आले, अर्जाची पोच मात्र दिली नाही. नगरपालिकेत म्हणाले, खासगी कंत्राटदाराशी आमचा संबंध नाही. घरपट्टी एक महिना थकली की यांना आमचं घर बरोबर सापडतं! वकील म्हणाले १५,००० द्या, नोटीस पाठवू. शेवटी कळलं की ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कच नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ऑनलाइनही भरता येते. हे तीन ठिकाणी फिरताना एकानेही सांगितलं नाही. पण बिल? माझ्याकडे फक्त भाच्याच्या नावावरची यूपीआयची नोंद आणि खोटे फोटो. तेच जोडले आहेत.

लाकडावर टाइल घालणार असाल तर बेसच्या दिवशी घर सोडू नका, लग्न कोणाचंही असो. पोतं समोर फोडायला लावा. त्यावर आयएस १५४७७, म्हणजे टाइल ॲडेसिव्हचा भारतीय मानक क्रमांक, आणि प्रकार छापलेला असतो, फोटो काढा. जमिनीवर पाण्याचा ग्लास ठेवून शेजारून चाला. पाणी हिंदकळलं तर आधी कड्या मजबूत करा, टाइलचं नंतर. बारा फुटांच्या कडीला मधोमध दहा मिमीपेक्षा जास्त झोल चालत नाही. पैसे ज्याच्याशी बोलणी केलीत त्याच्याच नावावर.

परवा शेजारच्या वहिनींच्या फोनवरून त्याला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी आवाज बदलून म्हटलं, माडी आहे, लाकडी, टाइल्स बसवायच्या आहेत.

"बसतील की ताई. किती स्क्वेअर फूट?"