भाव पाडून घेतलेली मर्सिडीज पुरातली निघाली

बडोद्यात किंवा आसपास कुणी सेकंडहँड मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू बघत असेल तर टोकन देण्याआधी हे वाचा. माझे २७,४०,००० रुपये गेले आहेत. गाडी दारात उभी आहे, आरसीवर माझं नाव आहे, आणि ती गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात बुडालेली, विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची, धरून विकून टाकलेली आहे. हे मला कळलं ते सगळे पैसे देऊन झाल्यावर.

"एवढा हिशेबी माणूस तू, तुला कसं फसवलं?" हे ऐकून कान किटलेत. म्हणून आधीच सांगतो. मी आयुष्यभर कारखान्याच्या खरेदी विभागात काम केलं. समोरच्याचं कोटेशन कुठे फुगवलंय हे मला कुणी शिकवायला नको. त्या डीलरने नेमकं हेच ओळखलं. मला भावाच्या लढाईत गुंतवून ठेवायचं आणि गाडीच्या भूतकाळाकडे माझं लक्षच जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा डाव होता. भाव कमी करायला तो पहिल्या दिवसापासून तयारच होता.

२०२४ चा पूर बडोदेकरांना सांगायला नको. समा, फतेगंज, अकोटा, वडसर, किती सोसायट्यांच्या तळघरांत गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. तेव्हापासून जीजे-०६ पासिंगची महागडी गाडी स्वस्तात मिळाली की आपल्यापैकी कुणीही दचकतो. मीही दचकत होतो, म्हणूनच मुद्दाम सुरत पासिंगची, जीजे-०५ ची गाडी निवडली. २०१९ ची ई २२० डी, डिझेल, ४३,६०० किलोमीटर, दुसरा मालक. दिल्ली पासिंगची तर बघितलीच नाही. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली गेली होती, त्यामुळे वय होत आलेल्या गाड्या एनओसी काढून सगळीकडे पाठवल्या जातात, हे मला माहीत होतं. आता सांगा, यापेक्षा जास्त काळजी सामान्य माणूस काय घेणार? पण पासिंग सुरतचं असलं तरी गाडी सुरतेत राहिली असं नसतं. पहिल्या मालकाची फर्म सुरतेची होती, गाडी मात्र बडोद्याच्याच एका तळघरात लागायची.

डीलरने सांगितले ३१,५०,०००. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी सरसकट ४० टक्के झाला. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस मिळून ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जात होता. नवीनच स्वस्त झाली तर जुनीचा भाव जुन्या हिशेबाने का द्यायचा? हा मुद्दा मी टाकला आणि तो लगेच "बरोबर आहे, काका" म्हणाला. मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १११९ होतं, म्हणजे मार्च २०१९ चे टायर, बदलायलाच हवेत. तोही मुद्दा त्याने मान्य केला. पहिल्याच बैठकीत २९,००,०००. पुढच्या बैठकीत पार्टनरला फोन लावायचं नाटक करून २७,६५,०००. "काका, तमे कहो ए भाव," असं म्हणत चहा पुढे केला. दुसरीकडे याच वर्षाची हीच गाडी ३० च्या खाली कुणी द्यायला तयार नव्हतं, पण जीएसटीमुळे बाजार पडलाय हे कारण इतकं पटण्यासारखं होतं की मला ती त्याची गरज वाटली.

आता तो क्षण, जो आठवला की आजही रात्री झोप उडते.

जुन्या पादरा रोडवर चक्कर मारून आम्ही परत आलो. मी सीटबेल्ट सोडला. बेल्ट सटकन आत जायला हवा ना? तो गेला नाही. अर्धा गेला, थांबला, आणि दाराच्या बाजूला लोंबत राहिला. मी हाताने ढकलून आत घातला. "हे काय?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, "गाडी उभी आहे ना काका, बेल्ट कडक होतो." आणि त्याच श्वासात: "चला, आणखी पंचवीस हजार कमी करतो, आजच टोकन करा."

मी बेल्टसाठी एक रुपया मागितला नव्हता. न मागता २५,००० दिले त्याने. पुरवठादार न मागता सूट देतो तेव्हा आधी माल उघडून बघा, हे मी स्वतः खात्यातल्या नव्या पोरांना सांगत आलोय. पण तुम्ही मला सांगा, कडक बेल्ट बघून कुणाच्या डोक्यात पूर येईल? आतलं कार्पेट नवंकोरं, लेदर चकचकीत, परफ्यूमचा घमघमाट. "कार्पेट तुमच्यासाठी नवीन टाकलंय" असं तो उपकार केल्यासारखं सांगत होता. महागड्या जुन्या गाडीत कार्पेट नवीन असेल तर ते कौतुकाने बघू नका. जुनं का काढलं ते विचारा.

आणि बिलाची गोष्ट. त्याने म्हटलं, पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे ४,९३,२०० रुपये. मी त्याला तिथेच सुनावलं की जुन्या गाडीवर डीलरला जीएसटी फक्त त्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. तो हसला आणि म्हणाला, "तुम्हाला सगळं माहीत आहे काका, मग बिल राहूच द्या, मालकाच्या नावावरून थेट तुमच्या नावावर करतो." मला वाटलं कटकट वाचली. प्रत्यक्षात त्या एका वाक्यात तो कागदावरून गायब झाला. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या दुसऱ्या मालकाच्या आणि माझ्या. दुसरा मालक म्हणजे ज्याला मी कधी पाहिलं नाही असा माणूस. टोकनचे ५१,००० यूपीआयने, २४,९९,००० आरटीजीएसने भलत्याच एका फर्मच्या खात्यात, आणि १,९०,००० रोख. गाडी लाभपाचमेला हार घालून दिली. चाव्या देतानाचा फोटोही काढला त्याने.

विम्याचा कागद थर्ड पार्टीचा होता, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान भरून न देणारा. एवढ्या महाग गाडीला नुसता थर्ड पार्टी! "नाव बदललं की पूर्ण विमा तुमच्या नावाने काढू, नाहीतर तुमचेच पैसे फुकट जातील," असं उत्तर मिळालं. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य होता, त्यालाही उत्तर तयार: मालक बदलला की बोनस शून्यावर येतो. हे खरं आहे. म्हणूनच सांगतो, आधीच्या मालकाची सोडा, पहिल्या मालकाची शेवटची पॉलिसी मागा. ती मिळत नसेल तर उठून घरी या.

डिसेंबरात अटल ब्रिजवर गेंडा सर्कलकडून येताना डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागले, स्टिअरिंग जड झालं आणि गाडी मेली. मागे हॉर्नचा कल्लोळ, शेजारी बसलेली ही घामाघूम. क्रेनला ६,५०० मोजून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या मुलाने पहिलं काय केलं असेल? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही, त्यावर वीतभर चहाच्या रंगाचा पट्टा, एका सरळ रेषेत संपलेला. बोटाने घासला तर बारीक गाळ निघाला. मग सीटखालचे बोल्ट दाखवले, गंजलेले. कार्पेटखालच्या वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले. अशा गाड्यांची बरीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तिथे खालीच असतात.

चासी नंबर टाकल्यावर नोंद निघाली: सप्टेंबर २०२४, बडोदा, क्रेनने आणली, दुरुस्तीचा अंदाज ३४,१८,०००. विम्यात दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो, आणि आरसी बऱ्याचदा जिवंतच राहते. तीच आरसी मला विकली. आता दुरुस्तीचा अंदाज १४,६२,००० दिलाय, आणि वर सांगतात की पुन्हा बंद पडणार नाही याची हमी देता येणार नाही.

म्हणून टोकनच्या आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासणी झालीच पाहिजे. डीलर म्हणेल ते लोक उगाच मोठं बिल काढतात, आमचा मेकॅनिक बघून देईल. मलाही हेच म्हणाला होता.

डीलरकडे गेलो तर "काका" गायब. "मी फक्त ओळख करून दिली, गाडी तुम्ही मालकाकडून घेतली. माझं नाव कुठे आहे दाखवा." फर्मचं खातं? "ते मालकाने सांगितलं होतं."

मग सुरू झाली साहेब लोकांची दारं. डीलरच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. म्हणाले तुम्ही राहता तिथल्या ठाण्यात जा. तिथे गेलो तर जिथे व्यवहार झाला तिथे जा. कायद्याने कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हद्दीचं कारण चालत नाही, हे मी छापून नेलं होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. तो कागद त्यांनी वाचलाही नाही. एकाने यूपीआयचा उल्लेख ऐकून सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन करायला सांगितलं, आणि १९३० वाले म्हणाले यात सायबर काय आहे? शेवटी एफआयआर नाहीच, एक "अरजी", म्हणजे नुसता अर्ज, घेतली. ती अरजी कुठल्या कपाटात आहे देव जाणे. प्रत्येक वेळी एकच पालुपद: "काका, आ तो सिविल मॅटर छे." फसवून पैसे काढले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ काय शोभेला आहे? वर मलाच प्रश्न: रोख का दिली? १,९०,००० रोख दिले म्हणून मी चोर, आणि २४,९९,००० बँकेतून गेले त्या खात्याचा मालक कोण हे विचारायला कुणाला वेळ नाही!

आरटीओत सांगितलं की ट्रान्सफर नियमाप्रमाणे झालं आहे, सही तुमचीच आहे. जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या माणसाकडे आहे का, एवढंच विचारलं. लेखी अर्ज करा. केला. उत्तर नाही. मी एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून सगळं बघितलं होतं हो! विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा, कितवा मालक, सगळं तिथे स्वच्छ होतं. गाडी टोटल लॉस झाली होती हे सांगणारा रकानाच नाही. सरकारकडे नंबर आहे, विमा कंपनीकडे क्लेम आहे, आणि या दोघांच्या मधल्या फटीत माझ्यासारख्याचे पैसे जातात.

विमा कंपनी म्हणते तुम्ही आमचे पॉलिसीधारक नाही, माहिती देता येणार नाही. वर्कशॉपवाल्यांनी नोंद पडद्यावर दाखवली, पण कागदावर द्यायला पोलिसांचं पत्र हवं. पोलीस म्हणतात आधी नोंदीचा कागद आणा, मग बघू. कुठल्या भिंतीवर डोकं आपटायचं माणसाने?

आता पोलीस आयुक्तांकडे रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली आहे, तीही कलम १७३ च्याच आधाराने. तिथे काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटसमोर जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात केस दाखल केली आहे. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्ह्यातच चालतो, माझ्या रकमेला फी फक्त १,००० रुपये, मुदत दोन वर्षांची. वकिलाचे ५५,००० आणि तज्ज्ञाच्या अहवालाचे १८,००० वेगळे गेले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केलात तर तक्रार क्रमांक मिळतो, तोही जपून ठेवा. माझ्या बाजूने आज काय आहे? व्हॉट्सॲपवरचे भावाचे मेसेज, त्याच्याच फोनवरून आलेला त्या खात्याचा नंबर, आणि हार घातलेल्या गाडीसोबतचा त्याचा तो फोटो. वकील म्हणतात हा फोटो सगळ्यात कामाचा.

"नॉन-ॲक्सिडेंट" एवढ्यावर समाधान मानू नका. अपघात, पूर, आग, टोटल लॉस यातलं काही झालेलं नाही, असं डीलरच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह घ्या. देत नसेल तर पाच लाख कमी केले तरी घेऊ नका. पैसे ज्याच्या नावाची पावती त्याच्याच खात्यात. सुटं चाक उचलून खालचा खळगा हाताने चाचपा, कोपऱ्यात माती राहते. हेडलाइटच्या आत धुकं आहे का बघा. भावाची गोष्ट हे सगळं झाल्यावर काढा.

डीलरने मध्यस्थामार्फत ४,००,००० देऊ केले होते, केस मागे घेण्याच्या अटीवर. मी नाही म्हटलं. त्याच्या अंगणात आजही पाच-सहा जर्मन गाड्या उभ्या आहेत, सगळ्या बाहेरगावच्या पासिंगच्या.

आणि ज्यांच्या गाड्या २०२४ च्या पुरात टोटल लॉस झाल्या, विम्याचे पैसे घेऊन ज्यांनी विषय संपवला, त्यांनी आपला जुना नंबर आज एम-परिवहनवर टाकून बघा. आरसी अजून तुमच्याच नावावर असेल आणि ती गाडी रस्त्यावर कुणाला धडकली, तर नोटीस तुमच्या दारी येईल. विमा कंपनीने गाडी कुणाला विकली ते लेखी मागा. पॉलिसी तुमची होती, त्यामुळे "तुम्ही आमचे पॉलिसीधारक नाही" असं मला दिलेलं उत्तर त्यांना तुम्हाला देता येणार नाही. तसा एक कागद मला पहिल्या मालकाकडून मिळाला तर माझी केस उभी राहते. सुरतेच्या त्या फर्मला मी दोन पत्रं पाठवली आहेत.