ईएसआय की जनआरोग्य योजना? सोलापूरच्या कामगार आईबापांसाठी

नवरा टॉवेल कारखान्यात, बायको शिलाईच्या युनिटमध्ये, घरात दोन पोरं. खासगी विम्याचा हप्ता अशा घराला झेपत नाही. मग उरतात दोन वाटा: सरकारची जनआरोग्य योजना आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा कर्मचारी राज्य विमा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हप्ताच नाही. 2012 मध्ये ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तेव्हा नाव राजीव गांधींचं होतं. आता पांढरं रेशनकार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ठरावीक आजार, ठरावीक रुग्णालयं आणि तेही सहसा भरती झाल्यावर. पोराचा ताप, खोकला, क्लिनिकची फी, औषधं हे सगळं खिशातूनच.

ईएसआय नेमकं तिथेच कामाला येतं. पगार 16,000 असेल तर कामगाराचे कापले जातात 120 रुपये, मालक भरतो 520. त्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, बायकोमुलांचे उपचार आले. हप्ते नियमित भरलेले असतील तर आजारपणाच्या सुट्टीत 70 टक्के मजुरीही मिळते. रोजंदारीवरच्या घरात आजारपणाइतकाच बुडालेला पगार मारतो, म्हणून मला हीच वाट मोलाची वाटते.

अडचण इतकीच, की पगार 21,000 च्या आत हवा आणि कारखान्यात किमान दहा माणसं लागतात. चार मागांच्या शेडमधला कामगार त्यात बसत नाही. त्याच्यासाठी जनआरोग्य योजनाच उरते. त्याने रेशनकार्ड आणि आधारवरची नावं आजच जुळवून घ्यावीत, आणि भरती होताना आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला गाठावं.