मनगटावर इंटरनेट हवं, पण निरोप्या कोण? बँगल, पाइनटाइम, पेबल आणि टी-वॉच

स्कूटर काढण्याआधी रेनकोट डिकीत टाकायचा की नाही, एवढंच मला मनगटावर बघायचं होतं. खिशातून फोन काढा, अनलॉक करा, हवामानाचं ॲप उघडेपर्यंत दोन व्हॉट्सॲप मेसेजांत अडका, हा सगळा उद्योग टाळायचा होता. दुकानातल्या साध्या स्मार्टवॉचवरही हवामान दिसतं, पण कंपनीने ठरवलेलं आणि कंपनीने ठरवलेल्या जागी. मला येत्या तीन तासांतल्या पावसाच्या शक्यतेचे तीन आकडे हवे होते, ठसठशीत, बाकी काही नाही. म्हणजे स्वतः प्रोग्राम करता येईल असं घड्याळ घेणं आलं. नजर चार घड्याळांवर गेली: बँगल, पाइनटाइम, पेबल आणि टी-वॉच. आणि तिथेच पहिला गोंधळ झाला.

गोंधळ असा की ‘ब्लूटूथवरून इंटरनेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉटस्पॉट येतो. फोनवर ब्लूटूथ टेदरिंग चालू केलं की घड्याळाला नेट मिळेल, असं मीही धरून चाललो होतो. मिळत नाही. अँड्रॉइडमधलं टेदरिंग जुन्या, ‘क्लासिक’ ब्लूटूथवर चालतं. बँगल आणि पाइनटाइममधल्या नॉर्डिक कंपनीच्या चिपला फक्त ब्लूटूथ लो एनर्जी येतं. नाव एक, भाषा दोन. लो एनर्जीवरून थेट आयपीव्ही६, म्हणजे खरंखुरं इंटरनेट, नेण्याचं मानकही आहे, २०१५ साली आरएफसी ७६६८ या क्रमांकाच्या दस्तऐवजात ते प्रसिद्ध झालं, पण फोनवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यामुळे या घड्याळांना स्वतःचा आयपी पत्ता वगैरे काही नसतो. घड्याळ फोनवरच्या एका ॲपला निरोप देतं, ते ॲप इंटरनेटवर जातं, उत्तर आणतं आणि बारीक तुकडे करून घड्याळाला भरवतं. घड्याळ निवडताना पडदा, पट्टा, बॅटरी हे सगळं नंतर बघा. हा निरोप्या कोण आहे आणि त्याला तुमचं किती ऐकायला लावता येतं, ते आधी बघा.

तुकडे किती बारीक? लो एनर्जीच्या मूळ मापात एका पुडीत (पॅकेटमध्ये) २० बाइट, म्हणजे साधारण २० अक्षरं, मावतात. दोन्ही बाजूंनी कबूल केलं तर पुडी मोठी करता येते, पण हिशोब करताना वीसच धरावेत. ओपन-मेटिओ या सेवेकडे कुठलीही ‘एपीआय की’ (परवानगीचा सांकेतिक शब्द) न घेता हवामान मागता येतं. पुण्याचा अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६ दिला आणि तासागणिक पावसाची शक्यता मागितली की ती सात दिवसांचे १६८ तास पाठवते. प्रत्येक तासासोबत तारीख-वेळ येते, ती १६ अक्षरांची, अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम धरून १९. म्हणजे नुसत्या वेळांचीच ३१९२ अक्षरं, जवळजवळ १६० पुड्या, आणि त्यातले आपल्या कामाचे आकडे तीन! एकच दिवस मागितला तर तेच ४५६ अक्षरांवर येतं. ही काटछाट कुठे करता येते, त्यावर या चार घड्याळांतला खरा फरक ठरतो.

बँगल.जेएस २ आधी घेतो, कारण मी तेच वापरतो. नाव ऐकून घरात हसून झालंय, ‘बांगड्या भरल्यास का’ हेही ऐकून झालंय. छोट्या चिपवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या एस्प्रुइनोचे कर्ते गॉर्डन विल्यम्स यांचं हे घड्याळ २०२१ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवणाऱ्या साइटवर आलं. आत एनआरएफ५२८४० चिप, २५६ केबी रॅम, १७६ बाय १७६ चा कायम चालू राहणारा पडदा, जीपीएससुद्धा. गंमत म्हणजे घड्याळातच जावास्क्रिप्ट चालते. लॅपटॉपवर क्रोम उघडायचं, वेब ब्लूटूथने (ब्राउझरमधून ब्लूटूथ वापरायची सोय) घड्याळ जोडायचं, ओळ लिहायची, एंटर दाबायचं, मनगटावर आकडा बदलतो. फायरफॉक्समध्ये हे होत नाही, कारण त्यात वेब ब्लूटूथच नाही.

इंटरनेटसाठी इथला निरोप्या म्हणजे गॅजेटब्रिज हे अँड्रॉइड ॲप. यातली मेख नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. नेहमीच्या गॅजेटब्रिजला इंटरनेटची परवानगीच नाही. तो त्या ॲपचा अभिमानाचा मुद्दा आहे, तुमचा डेटा फोनबाहेर जाणार नाही ही त्याची हमी आहे. म्हणून बँगलसाठी ‘बँगल.जेएस गॅजेटब्रिज’ नावाची वेगळी आवृत्ती प्ले स्टोअरवर आहे. ती घ्यायची, घड्याळात ‘अँड्रॉइड इंटिग्रेशन’ टाकायचं आणि ॲपमधल्या त्या घड्याळाच्या सेटिंगमध्ये इंटरनेटची परवानगी चालू करायची. यातलं एक जरी राहिलं तरी कोड कितीही बरोबर असो, उत्तर येत नाही. सगळं जमलं की घड्याळातल्या प्रोग्राममध्ये बँगल डॉट एचटीटीपी हे फंक्शन बोलवायचं, पत्ता द्यायचा, उत्तराची वाट बघायची. एचटीटीपीएसचं कुलूप उघडणं, सर्टिफिकेट तपासणं हे सगळं फोन करतो, घड्याळाला त्याची झळ लागत नाही.

उणी बाजूही आहे. फोनवरचा निरोप्या आणेल ते तसंच्या तसं घड्याळापर्यंत येतं, वाटेत कात्री लावायला तुमचा कोड तिथे नसतो. त्यामुळे काटछाट पत्त्यातच करावी लागते, म्हणजे एकच दिवस, एकच आकडा मागायचा. सेवा चांगली असेल तर जमतं. एखाद्या सेवेने लांबलचक उत्तर दिलं, तर मधे स्वतःचा छोटा सर्व्हर उभा करून ते छाटावं लागतं. दुसरं म्हणजे घड्याळ फोनला जोडलेलं असताना लॅपटॉपला दिसत नाही. मी पहिल्या रविवारी पाऊण तास ‘घड्याळ सापडत नाही’ म्हणून लॅपटॉपलाच दोष देत बसलो होतो, आणि फोन शेजारी टेबलावर, ब्लूटूथ चालू.

पाइनटाइमकडे बहुतेक जण किमतीमुळे ओढले जातात. पाइन६४ चं हे घड्याळ २७ डॉलरच्या आसपास मिळतं, दिसायला बँगलपेक्षा देखणं, २४० बाय २४० चा रंगीत पडदा. पण आत रॅम ६४ केबी आणि प्रोग्रामसाठी जागा ५१२ केबी. त्यावर इन्फिनिटाइम हे फर्मवेअर (घड्याळ चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) येतं, सी++ मधलं. इथे निरोप्याला उलटं काम आहे. घड्याळ काही मागत नाही, फोन स्वतःहून ढकलतो: वेळ, नोटिफिकेशन, गाण्याचं नाव, रस्त्याची दिशा, हवामान. यासाठी ठरलेले कप्पे आहेत, त्यात बसेल तेवढंच जातं. माझ्या तीन आकड्यांसाठी तसा कप्पा नव्हता. तो करायचा तर फर्मवेअरमध्ये नवी सेवा लिहा, पूर्ण फर्मवेअर पुन्हा बांधा, ब्लूटूथवरून चढवा, आणि चढवल्यावर घड्याळात जाऊन ‘व्हॅलिडेट’ करा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला ते जुन्यावर परत जातं. आणि फोनच्या बाजूचा कोडही तुमचाच. ज्यांना एम्बेडेड सी++ शिकायचंच आहे त्यांना यापेक्षा स्वस्त शाळा नाही. ज्यांना आठवड्याच्या शेवटी तीन आकडे हवेत त्यांनी वाट वाकडी करू नये. शिकायला घेत असाल तर बंद पाठीचं नको, पाठ उघडी असलेला डेव्हलपमेंट नग घ्या. हातून काही बिघडलं तर तारा जोडून सुधारता येतं.

पेबलची रचना मला या चौघांत सर्वांत शहाणी वाटते, आणि हे मी बँगल हातावर असताना म्हणतोय. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर एक कोटी डॉलरच्या वर रक्कम जमवलेलं हे घड्याळ. २०१६ च्या शेवटी फिटबिटने कंपनीची मालमत्ता घेतली, फिटबिट पुढे गूगलकडे गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलओएसचा कोड खुला केला. मूळ संस्थापक एरिक मिगिकोव्स्की यांनी कोअर डिव्हायसेस काढून पुन्हा नवी घड्याळं आणली आहेत. यात प्रोग्रामचे दोन भाग असतात. घड्याळातला भाग बहुधा सी मध्ये, आणि दुसरा भाग जावास्क्रिप्टमध्ये, जो फोनवरच्या पेबल ॲपच्या आत चालतो. म्हणजे निरोप्याच्या डोक्यात तुमचा कोड! तो १६८ तासांचं उत्तर आणतो, फोनवरच तीन आकडे वेगळे काढतो आणि तेवढेच घड्याळाला पाठवतो. १६० पुड्यांचं काम एका-दोन पुड्यांत. शिवाय आयफोनवरही हे चालतं. बँगलला आयफोनवर नोटिफिकेशन मिळतात, पण इंटरनेटची ही सोय नाही. घरात आयफोन असेल तर निवड इथेच संपली.

पेबलचा तोटा एवढाच की फोनवरचा तो भाग घड्याळातलं तुमचं ॲप उघडं असेतोवरच चालतो. वॉचफेस, म्हणजे वेळ दाखवणारा मुख्य पडदा, म्हणून लिहिलंत तर अडचण येत नाही, कारण तो समोरच असतो.

लिलीगोची टी-वॉच या पंक्तीत थोडी उपरी आहे. आत ईएसपी३२ चिप, म्हणजे वायफाय घड्याळातच. फोन नको, निरोप्या नको, आर्डुइनो या सोप्या प्रोग्रामिंग साधनात लिहा आणि थेट सर्व्हरशी बोला. ऐकायला हे सगळ्यांत छान वाटतं. आता विजेचा हिशोब बघा: ईएसपी३२ चा वायफाय पाठवताना २४० मिलिअँपिअरपर्यंत खेचतो, नॉर्डिकचा ब्लूटूथ रेडिओ साधारण पाच. आणि घड्याळात बॅटरी मावते छोटीशीच. वायफाय वारंवार उठवलात तर ती आणखी लवकर उतरते. शिवाय स्कूटर सोसायटीच्या गेटबाहेर पडली की घरचा वायफाय संपला. घरातल्या दिव्यांचं, पंपाचं बटण म्हणून ही उत्तम आहे. मात्र माझा पाऊस बाहेर पडतो.

वेअर ओएसचं, म्हणजे गूगलच्या घड्याळांसाठीच्या अँड्रॉइडवर चालणारं, घड्याळ का नाही, असं विचाराल. ते फोनमार्फत खरंखुरं नेटवर्क देतं, तिथे वर सांगितलेली कसरत करावी लागत नाही. पण बहुधा एक-दोन दिवसांत चार्जर शोधावा लागतो आणि तीन आकड्यांसाठी अख्खा अँड्रॉइड स्टुडिओ उघडावा लागतो. अँड्रॉइडचं ॲप लिहिणं हाच रोजचा धंदा असेल तर जरूर घ्या.

बँगल घ्यायचं ठरलं तर मागवण्याआधी ते वेगळं गॅजेटब्रिज फोनवर टाकून ठेवा आणि बॅटरी सेव्हरमधून त्याला सूट द्या. माझ्या आधीच्या फोनची बॅटरी वाचवायची हौस एवढी दांडगी होती की पडदा बंद झाल्यावर काही वेळात तो मागे चालणारी ॲप मारून टाकायचा. घड्याळावर सकाळचाच अंदाज दिवसभर तसाच राहिला, आणि ‘पाऊस नाही’ बघून निघालेलो मी पुलाखाली उभा. तेव्हापासून आकड्यांच्या खाली ते कधी आणले ती वेळही बारीक अक्षरात छापतो.

आणि घड्याळ हातात आलं की ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रोग्रामेबल’ बंद करा किंवा पासकी घाला. बँगल येताना उघडं येतं. तुमचा फोन जोडलेला नसेल, तर लोकलच्या डब्यात शेजारी बसलेला कुणीही लॅपटॉप उघडून तुमच्या मनगटावर हवं ते लिहू शकतो.