सेकंडहँड साडेपाच अंकी बेंच मल्टिमीटर: दुरुस्तीनंतर सहा-सात महिने वापरून

सेकंडहँड बेंच मीटर ठार बंद असेल तर दोष लवकर सापडतो. 'चालतो, फक्त आकडा जरा नाचतो' असा असेल तर हाताशी भरपूर वेळ ठेवूनच घ्यावा. हा दुसऱ्या प्रकारातला. डीसीच्या १० व्होल्ट रेंजवर शेवटचे तीन अंक ठरत नव्हते, आणि प्रोब एकमेकांना टेकवले की ओहम कधी ०.३ तर कधी ६.

उघडण्याआधी मेन्स (भिंतीतल्या विजेच्या) फ्रिक्वेन्सीचं सेटिंग बघा. ६० हर्ट्झला सेट असलेला मीटर १६.६७ मिलिसेकंदांच्या हिशेबाने मोजतो. ५० हर्ट्झच्या लाइनवर २० लागतात, नाहीतर हम, म्हणजे लाइनची गुणगुण, थेट रीडिंगमध्ये उतरतो. इथे सेटिंग बरोबर होतं. पण स्लो रेटवर आकडा बराच शांत आणि फास्टवर धिंगाणा, म्हणजे गोंधळ लाइनशी जुळलेला. संशय पॉवर सप्लायवर.

५ व्होल्टच्या रेलवर (पुरवठ्याच्या ओळीवर) दुसऱ्या मीटरने ४.८ मिळतात आणि माणूस इथेच फसतो. ७८०५ ला, म्हणजे ते ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला, इनपुटवर साधारण ७ व्होल्ट तरी हवेत. फिल्टर कपॅसिटर सुकला की सरासरी ८.५ दिसते, पण १०० हर्ट्झ रिपलचे (चढउताराचे) खड्डे ६ पर्यंत जातात आणि तेवढ्या वेळापुरता रेग्युलेटर हात टेकतो. ऑसिलोस्कोप नसेल तर त्याच कपॅसिटरवर एसी व्होल्ट मोजा. एकाच्या वर दिसले की तो गेला समजा. २२०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या जागी तेवढाच २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा बसवला. पायांमधलं अंतर आधी मोजून घ्या. ॲनालॉग भागाचे दोन्ही ४७० मायक्रोफॅरडही सोबतच बदलले. त्या भागाचा कॉमन, म्हणजे शून्य व्होल्टचा बिंदू, चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेला नसतो. काळा प्रोब चेसिसवर ठेवलात तर भलतेच आकडे येतील.

ओहमचा दोष वेगळा निघाला: पुढचे-मागचे टर्मिनल निवडणारा स्विच. काँटॅक्ट काळे पडले होते. काँटॅक्ट क्लीनरचा थेंब आत सोडून बटण तीसेक वेळा दाबलं, काम झालं. स्प्रे बोर्डावर उडू देऊ नका. तेलकट थर राहिला की इनपुटजवळ गळती सुरू होते. ती तपासायला १ व्होल्ट रेंज घ्या, मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० गिगाओहमच्या वर ठेवा आणि टर्मिनलवर १० मेगाओहमचा रेझिस्टर लावून पत्र्याच्या डब्याने झाका. १ मिलिव्होल्ट म्हणजे १०० पिकोअँपिअर. आधी ३ मिलिव्होल्टच्या वर होतं. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवल्यावर ०.३ च्या आत आलं.

सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे बोर्डावरचा ३ व्होल्टचा लिथियम सेल. अशा बऱ्याच जुन्या मीटरांत कॅलिब्रेशनचे (अचूकता जुळवण्याचे) आकडे त्याच्या जोरावर रॅममध्ये टिकून असतात. सेल सरळ उपटलात तर मीटर धड, पण खोटा. बदलताना आधी सिरीजमध्ये लावलेले दोन पेन्सिल सेल डायोडमधून त्या सेलला समांतर जोडा, मीटरची पिन काढा आणि टाक्यापुरती सोल्डरिंग आयर्नचीही काढा. आतले ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) दिसले तरी हात लावू नका, संदर्भाला काही नसताना तर मुळीच नाही.

मेन्स इनपुटला पारदर्शक कवचाचा कागदी कपॅसिटर असेल आणि त्यावर चिरा दिसल्या तर तो चालू असला तरी काढा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्ससाठीचा सुरक्षित प्रकार) लावा. ओल शिरून असे कपॅसिटर धूर काढतात.

आता तासभर तापल्यावर १० व्होल्टच्या संदर्भावर शेवटचा अंक एक-दोनने हलतो, म्हणजे १००-२०० मायक्रोव्होल्ट. तापण्याआधीच्या रीडिंगवर मात्र विसंबत नाही. एक ओहमच्या आसपास मोजायचं तर फोर-वायरच, म्हणजे करंट आणि व्होल्ट वेगळ्या तारांनी. टू-वायरमध्ये लीड आणि स्विच दोन्ही मोजले जातात. डिस्प्ले डावीकडे मंद आहे, फॉस्फर झिजलाय, त्याला इलाज नाही. करंट रेंज मूळ एचआरसी (मोठा करंट सुरक्षित तोडणाऱ्या) फ्यूजवरच चालवतो. तिथे काचेचा फ्यूज घातलेला मीटर मिळाला तर शंट (करंट मोजणारा छोटा रेझिस्टर) आधी तपासा.