किनाऱ्यावरचे सात दिवस की अग्रशाळेतली रोजची पहाट : गोव्यात योगाभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की गोव्याच्या किनारपट्टीवर योगशिबिरांचा हंगाम सुरू होतो. उत्तरेला हरमल, मांद्रे, आश्वे, आसगाव आणि दक्षिणेला काणकोणातील पाटणे, पाळोळे, आगोंद या गावांत माडांच्या सावलीत झावळ्यांनी शाकारलेले मंडप उभे राहतात आणि देशोदेशींची माणसे आठवडा, पंधरवडा तिथे राहून आसने, प्राणायाम आणि ध्यान शिकतात. याच दिवसांत डिचोली, फोंडा, वाळपई, पेडणे इथल्या देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे देवळाच्या आवारातील धर्मशाळांत, आणि पंचायतींच्या सभागृहांत पहाटेचे वर्ग नेहमीसारखे भरत असतात. त्यांची जाहिरात होत नाही, म्हणून ते बाहेरच्यांना दिसत नाहीत इतकेच.

माझी भाची डिचोलीत राहते आणि पणजीत नोकरी करते. सकाळी आठची बस, घरी परतायला संध्याकाळचे सात, दिवसभर संगणकासमोर बसून आखडलेली मान आणि रात्री बारापर्यंत न येणारी झोप. जानेवारीत तिला आठवडाभर रजा मिळणार आहे आणि गाठीला थोडे पैसेही आहेत. तिने मला विचारले, "मावशी, मांद्र्याला सात दिवस जाऊ की तुझ्या वर्गाला येऊ?" मी सहा वर्षे आमच्या गावच्या वर्गाला जाते आणि दोन वेळा किनाऱ्यावरच्या निवासी शिबिरातही राहिले आहे. तिला जे सांगितले, ते अशाच पेचात असलेल्या इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून इथे सविस्तर मांडते.

प्रथम साधा हिशेब करावा. निवासी शिबिरात बहुधा सकाळी आणि संध्याकाळी दीड-दीड तासाचे वर्ग असतात. सात दिवसांचे मिळून साधारण २१ तास होतात. गावातला वर्ग आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास असेल तर चार आठवड्यांत २० तास होतात. म्हणजे शिकण्याचा वेळ जवळजवळ सारखाच आहे. फरक आहे तो हे तास किती दिवसांत विभागले जातात याचा. ज्याने वर्षानुवर्षे मांडी घातलेली नाही, त्याच्या गुडघ्यांना आणि कमरेला रोज तीन तासांचा ताण चौथ्या दिवशी जाणवू लागतो आणि उरलेले तीन दिवस अंग दुखते म्हणून अर्धी आसने सोडावी लागतात. तोच ताण महिनाभरात विभागला गेला तर स्नायूंना सावरायला मध्ये वेळ मिळतो. झोपेचेही तसेच आहे. शिबिरात पहिल्या रात्रीपासून गाढ झोप लागते हे खरे, कारण तिथे फोन बाजूला ठेवलेला असतो, दिवेलागणीच्या सुमारास जेवण होते आणि उद्याची बस गाठायची नसते. घरी परतल्यावर ही तिन्ही कारणे एकदम नाहीशी होतात.

तरीही शिबिराला जे देता येते ते गावातल्या वर्गाला सहसा देता येत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पहिल्या शिबिरात आम्ही अकरा जण होतो. त्रिकोणासन मी चार वर्षे करत होते आणि ते आपल्याला येते असे समजत होते. शिक्षिका माझ्या मागे येऊन बसल्या, त्यांनी माझ्या मागच्या पायाच्या टाचेची बाहेरची कड दोन बोटांनी जमिनीकडे दाबून धरली आणि दहा-बारा श्वास तसेच थांबायला सांगितले. टाच जमिनीला टेकलेली असते असे मला वाटत होते; प्रत्यक्षात माझा सगळा भार तळपायाच्या आतल्या बाजूवर पडत होता आणि म्हणून गुडघा आत वळत होता. ती कड दाबली जाताच मांडीचा सांधा उघडला आणि छातीत श्वासाला जागा झाली. त्या एका दुरुस्तीने माझे उभे राहून करण्याचे प्रत्येक आसन बदलले. आमच्या वर्गात तीस जण असतात. तिथे कोणाच्या टाचेपाशी इतका वेळ बसणे सरांना शक्यच नाही.

शिबिराचा दुसरा लाभ मौनाचा. न्याहारीपर्यंत कोणी बोलायचे नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. आणि तिसरा लाभ, जो शिबिरांच्या माहितीपत्रकात कधी लिहिलेला नसतो, तो विशेषतः बायकांनी लक्षात घ्यावा : सात दिवस आयते ताट समोर येते. वीस वर्षे दोन्ही वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला ही विश्रांती कोणत्याही आसनापेक्षा अधिक काही देऊन जाते आणि त्यासाठी तिने शिबिराला जावेसे वाटले, तर त्यात कोणताही संकोच बाळगू नये.

दुसऱ्या शिबिराचा अनुभव मात्र वेगळा आला. ते कोणते, हे सांगण्याची गरज नाही. मंडपात चाळीस जण होते आणि शिकवणाऱ्यांना कोणाच्या अंगात काय दुखणे आहे याची विचारपूस करायला सवड नव्हती. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकलेली असताना, शिकवणाऱ्यांपैकी एकाने न विचारता माझ्या पाठीवर भार दिला. कमरेत कळ आली आणि पुढचे तीन आठवडे वाकून केर काढणेही अवघड झाले. तेव्हापासून कोणी शिबिराविषयी विचारले की मी दोन प्रश्न आधी विचारायला सांगते : एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात आणि हाताने दाब देण्यापूर्वी परवानगी घेतली जाते का? या प्रश्नांना स्पष्ट उत्तर मिळाले नाही तर आगाऊ रक्कम भरू नये.

आता गावातला वर्ग. पावणेसहाला अग्रशाळेच्या पायरीशी चपला ओळीने लागतात, सतरंज्या अंथरल्या जातात आणि निवृत्त शारीरिक शिक्षक असलेले आमचे सर सांधे मोकळे करण्याच्या हालचालींपासून सुरुवात करतात. आमच्यातल्या एका आजींचे वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या गुडघ्याखाली सर रोज पंच्याची गुंडाळी ठेवत. ती रोज थोडी थोडी पातळ होत गेली आणि सुमारे दीड वर्षाने एके दिवशी लागली नाही. शवासनात पडलेले असताना वाटेवरून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू ऐकू येतो, कोणाला तरी घरी पाव घ्यायचे असतात, पण कोणी उठत नाही. या वर्गाची भाषा आपली असते, हेही मोलाचे आहे. 'पोटरी सैल सोडा', 'बेंबी आत घ्या', 'खांदे कानांपासून दूर न्या' हे मराठीतून ऐकले की शरीर लगेच कळते. इंग्रजीतून ऐकताना आधी शब्द समजून घ्यावा लागतो आणि तोवर श्वास निसटतो. खर्चाविषयी लांबण लावत नाही : आमचे महिन्याचे शुल्क शिबिरातल्या एका दिवसाच्या खर्चाच्याही बरेच आत आहे.

या वर्गांचे दोषही सांगितले पाहिजेत. तोच क्रम वर्षानुवर्षे चालतो, प्राणायाम शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे अनेक ठिकाणी सर्वांना सरसकट कपालभाती करायला लावतात. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर कपालभाती टाळायची असते. काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली जाईल अशी आसने करू नयेत, कारण त्यांत डोळ्यातील दाब वाढतो. कमरेच्या मणक्यातील चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याची आसने जाणकाराला विचारल्याशिवाय करू नयेत. म्हणून पहिल्याच दिवशी शिक्षकांना बाजूला घेऊन आपले दुखणे स्वतःहून सांगावे; वर्गात कोणी विचारेल याची वाट पाहू नये.

आहाराच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. शिबिरांत जेवण शाकाहारी, ताजे आणि मोजके असते. पण त्यात थंडगार फळांचे घोटलेले पेय, दुधात किंवा दह्यात मिसळलेली आंबट फळे आणि कच्च्या भाज्यांचे मोठे वाडगे यांचा भरणा असतो. ज्या आयुर्वेदाचे नाव तिथे घेतले जाते, त्यात दूध आणि आंबट फळे एकत्र घेणे हा विरुद्ध आहार मानला आहे. दुसऱ्या बाजूला आपल्या स्वयंपाकघरात उकड्या तांदळाची पेज आहे, नाचणीची आंबील आहे, कुळथाचे कढण आहे, जेवणाच्या शेवटी घेण्याची सोलकढी आहे आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर परसात उगवणारा टायकिळा आहे. श्रावणात मासळी बंद ठेवण्याची रीतही घरोघरी आहे. हलके, ऋतूनुसार आणि भुकेपुरते खाणे शिकायला घराबाहेर जाण्याची आवश्यकता नाही; घरी उणीव आहे ती वेळेची. रात्री साडेनऊला जेवून लगेच अंथरुणाला पाठ टेकणाऱ्याला कोणताही आहार मानवणार नाही. शिबिरातून आणण्यासारखी आहाराची सवय कोणती असे विचाराल तर ती एवढीच, की रात्रीचे जेवण लवकर घ्यावे. घरच्या ताटातही सुधारण्यासारखे आहे. आपले खारवलेले मासे आणि लोणचे आठवून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत ठेवली आहे.

पंचकर्माविषयी गोंधळ फार आहे. तीन-चार दिवस तेलाने अंग चोळून घेणे आणि वाफ घेणे याला अनेक ठिकाणी पंचकर्म म्हटले जाते. वास्तविक स्नेहन (तेल लावणे) आणि स्वेदन (घाम आणणे) ही पूर्वतयारी आहे; वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब देणे), बस्ती (गुदमार्गाने औषध देणे), नस्य (नाकात औषध घालणे) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे) ही पाच कर्मे आहेत, ती वैद्याने नाडी, बल आणि ऋतू पाहून ठरवायची असतात. वमन किंवा विरेचनानंतर पातळ पेजेपासून सुरुवात करून काही दिवसांत हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचे असते, आणि त्या दिवसांत दगदग चालत नाही. म्हणून ज्याला अंगमर्दनाचे सुख हवे आहे त्याने शिबिरात ते जरूर घ्यावे, पण ज्याला उपचार हवा आहे त्याने रुग्णालयाचा रस्ता धरावा. पेडण्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या रुग्णालयाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. उपचाराच्या विचाराने निघालेल्या गोमंतकीयाने आधी अशा ठिकाणी तपासून घ्यावे.

प्रमाणपत्राचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात. शिबिरांतून मिळणारे २०० तासांचे प्रमाणपत्र बहुधा अमेरिकेतील योग अलायन्स या संस्थेच्या निकषांवर आधारलेले असते आणि परदेशात शिकवायचे असेल तर ते उपयोगी पडते; इथे सरकारी व्यवस्थेत काम करायचे असल्यास आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा पाहावी. पहिल्यांदाच मॅट विकत घेणाऱ्याने हे दोन्ही विचार बाजूला ठेवावेत.

मोबाइलवर पाहून घरी अभ्यास करणे हा तिसरा पर्याय सगळ्यांच्या मनात असतो. ज्याला आसने आधीच येतात त्याला तो पुरतो. नवशिक्याला नाही, कारण पडद्यावरच्या माणसाला तुमची टाच दिसत नाही.

निर्णयाचा खरा कस मात्र पावसाळ्यात लागतो. मे संपत आला की किनाऱ्यावरच्या झोपड्या आणि मंडप उतरवले जातात आणि पुढचे चार महिने तिथे समुद्राचा आवाज तेवढा उरतो. नेमके याच दिवसांत शरीराला अभ्यासाची गरज अधिक असते. चालायला बाहेर पडता येत नाही, सांधे धरतात, भूक मंदावते. जुलैत आमच्या अग्रशाळेत सतरंज्यांना ओलसर वास येतो, वीज गेलेली असते, तीसांपैकी बारा-तेरा जणच आलेले असतात, पण वर्ग होतो. शिबिरात शिकलेल्या त्रिकोणासनाची टाच माझ्या अंगात मुरली ती अशाच दोन पावसाळ्यांत.

सजगतेने जगण्याविषयीही असेच म्हणेन. शिबिरात मौन पाळून जेवताना घासाची चव प्रथमच कळल्यासारखे वाटते आणि ते खरेही असते. पण घरी त्याचा धागा धरून ठेवायला जागा शोधावी लागते. मला ती आदोळीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, सापडली. नारळ खोवताना हाताला पाते लागू नये म्हणून लक्ष तिथेच ठेवावे लागते, पाठ ताठ राहते, वाटी फिरवण्याच्या लयीत श्वास आपोआप संथ होतो. पाच मिनिटांचेच काम, पण त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि कोणी हाक मारली तरी मी वाटी संपवूनच उठते.

भाचीला मी असे सुचवले की नोव्हेंबरपासून तीन महिने वर्गाला यावे, रात्रीचे जेवण आठच्या आत आटोपावे आणि जानेवारीची रजा पुढे ढकलता आली तर फेब्रुवारीच्या अखेरीस शिबिराला जावे; तोवर आपल्याला काय येत नाही हे तिला कळलेले असेल आणि शिक्षकांना नेमके काय विचारायचे तेही. रजा पुढे ढकलणे शक्य नसेल तर सात दिवसांऐवजी तीन दिवसांचे, कमी विद्यार्थ्यांचे शिबिर निवडावे आणि उरलेले चार दिवस घरी झोप पुरी करावी. तिने कार्यालयात रजेविषयी विचारले आहे, उत्तर अजून आलेले नाही. सोमवारपासून ती पावणेसहाला अग्रशाळेत येते, साडेसातला घरी पोहोचते आणि आठची बस अजून तरी चुकलेली नाही.